क्षमा माणसाला करायची. मग त्याच्या कृत्याचे काय करायचे?

सांजवेळ (धागालेखक)

गेले चार महिने ज्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही, तो आज येथे मांडत आहे. येथे ख्रिस्ती वाचक आहेत, तसे इतर श्रद्धांचे आणि कोणतीच श्रद्धा न मानणारेही आहेत. मला सर्वांचेच विचार हवे आहेत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मदतनिधी आहे. आजारपण, मुलांचे शिक्षण, घरातला कर्ता माणूस गेल्यावर ओढवणारी अडचण, अशा वेळी त्यातून कोणाला कळू न देता मदत केली जाते. अकरा वर्षे एकच गृहस्थ या निधीचे खजिनदार होते. लहानपणी रविवारच्या शाळेत मला प्रभूची प्रार्थना त्यांनीच शिकवली. या वर्षी त्यांची प्रकृती बरी नसल्यामुळे हिशेब लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्याच सुमारास मी एका आजींच्या घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. त्यांनी वाचनासाठी पवित्र शास्त्र उघडले, तेव्हा स्तोत्रांच्या पानांत खुणेसाठी ठेवलेली, निधीला दिलेल्या देणगीची एक पावती खाली पडली. उचलून देताना तिच्यावरचा आकडा सहज नजरेत भरला. आजींच्या नावाची एवढी मोठी रक्कम मी वहीत कोठेही पाहिलेली नव्हती. घरी येऊन पावतीपुस्तक ताडून पाहिले. क्रमांक तोच, तारीख तीच, अक्षर तेच. स्थळप्रतीवर मात्र एक शून्य कमी होते.

त्यानंतर जे शोधले ते सापडत गेले. मी ते सर्व पंचकमिटीपुढे ठेवले. खजिनदारांना बोलावण्यात आले आणि ते खाली मान घालून एवढेच म्हणाले, ‘माझ्याकडून काही चुका झाल्या असतील, तर मला क्षमा करा.’ कमिटीने त्याच बैठकीत क्षमा केली. प्रार्थना झाली, सर्वांनी हात जोडले आणि मला सांगण्यात आले की आपण ख्रिस्ती माणसे आहोत, पापाचा तिरस्कार करावा, पाप्याचा करू नये, तेव्हा आता वही मिटा आणि बाहेर बभ्रा होऊ देऊ नका.

वही मिटली, पण मन मिटेना. आम्ही क्षमा केली ती नेमकी कशाची? ‘काही चुका’ म्हणजे कोणत्या? किती पावत्या, किती वर्षे, कोणाच्या तोंडचा घास? हे कोणी उच्चारलेच नाही. कमिटीने माणूस आणि त्याचे कृत्य वेगळे काढले खरे, पण ते कृत्यच पुसून टाकून. माझी गत याच्या नेमकी उलट झाली आहे. उपासनेत ते गृहस्थ समोर दिसले की मला त्यांच्या जागी ते गहाळ झालेले शून्य दिसते. ज्यांनी माझा हात धरून मला गुडघे टेकायला शिकवले, ते कोठे नाहीसेच झाले आहेत. कमिटीने कृत्य पुसले आणि मी माणूस पुसला, आणि यांपैकी कशालाही क्षमा म्हणता येईल असे मला वाटत नाही.

आपल्या भाषेत क्षमेसाठी एक फार बोलका वाक्प्रचार आहे: अपराध पोटात घालणे. त्यात माया आहे, विशेषतः आईची. पण पोटात घातलेली गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही आणि आत कधी कधी पचतही नाही. प्रभूच्या प्रार्थनेत येशूने वापरलेला शब्द निराळा आहे. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड,’ असे आपण म्हणतो. ऋण सोडायचे, तर ते आधी मोजावे लागते. किती येणे आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याने ‘सोडले’ म्हणण्याला काय अर्थ उरतो? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात राजाने चाकराचे कर्ज सोडल्याचा दृष्टान्त आहे. त्याची सुरुवात राजा हिशेब घ्यायला बसतो येथूनच होते.

माझे म्हणणे चुकत असेल, तर अवश्य सांगावे. माझ्या आग्रहात न्यायबुद्धी किती आणि दुखावलेपण किती, हे माझे मला नीट कळेनासे झाले आहे.

ओंजळ

आपली तळमळ पोहोचली. तरीही एक शंका मनात येते, ती नम्रपणे विचारते. वधस्तंभावरून येशूने ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही’ अशी प्रार्थना केली, तेव्हा समोरच्यांपैकी कोणीही कबुली दिलेली नव्हती. शिपाई खाली त्याची वस्त्रे वाटून घेत होते. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावर दगड पडत होते तेव्हा त्यानेही मारणाऱ्यांसाठी तसेच मागणे केले. ज्याने हिशेब मागितला नाही त्याचे नाव आपण सांगतो, आणि स्वतः मात्र वही घेऊन बसतो, असे तर होत नाही ना?

माझ्या वडिलांना त्यांच्या सख्ख्या भावाने फसवले होते. वडील त्याविषयी एक अक्षर कधी बोलले नाहीत. काका शेवटच्या आजारात होते तेव्हा वडील त्यांच्या उशाशी बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत होते. मी तेव्हा बारा वर्षांची होते. क्षमा हा शब्द ऐकला की मला तो चमचा आठवतो.

तळटीप

धागालेखकांनी कमिटीच्या तोंडचे ‘पापाचा तिरस्कार करावा, पाप्याचा करू नये’ हे जे वाक्य दिले आहे, त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. ते वाक्य बायबलमध्ये नाही. त्या आशयाचे शब्द उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इसवी सन ४२४ च्या सुमारास एका स्त्रियांच्या मठाला लिहिलेल्या पत्रात आढळतात. त्याच्या पत्रसंग्रहात हे पत्र २११ व्या क्रमांकाचे आहे. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘माणसांवरील प्रेमाने आणि दुर्गुणांच्या द्वेषाने’ असा होतो.

हे शब्द त्याने कोणत्या प्रसंगी लिहिले, हे फारसे सांगितले जात नाही. मठातील एखादी भगिनी चुकीच्या वाटेला लागल्याचे दुसरीच्या लक्षात आले, तर तिने काय करावे, असा विषय चालू आहे. ऑगस्टीन म्हणतो की आधी तिला समजावावे. ऐकले नाही तर इतरांच्या कानावर घालावे. गप्प राहण्यात दया आहे असे समजू नये. तुमच्या बहिणीच्या अंगावर जखम असेल आणि शस्त्रक्रियेच्या भीतीने ती लपवत असेल, तर त्या जखमेविषयी मौन पाळणे हा क्रूरपणा ठरेल; मग मनाची जखम चिघळू नये म्हणून ती उघड करणे किती अधिक आवश्यक आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. पुढे तो सांगतो की इतर अपराधांच्या बाबतीतही हीच रीत पाळावी, म्हणजे ते शोधावेत, रोखावेत, समोर आणावेत, सिद्ध करावेत आणि त्यांना दंडही द्यावा, आणि हे सर्व माणसांवरील प्रेमाने व दुर्गुणांच्या द्वेषाने व्हावे.

म्हणजे ज्या वाक्याचा आधार घेऊन आपणास वही मिटायला सांगितले गेले, ते मुळात वही कशी उघडावी याविषयीचे आहे.

ओंजळ यांच्या वडिलांविषयी वाचून मन भरून आले. त्यांच्या प्रश्नाबाबत एवढेच सुचवतो की निरपराध्यांसाठी कोणी क्षमा मागत नाही. वधस्तंभावरच्या त्या प्रार्थनेतच अपराधाची नोंद झालेली आहे. शिवाय तेथे ज्याच्यावर अन्याय झाला, तोच क्षमा मागत आहे. कमिटीने सोडले ते मात्र आजींचे आणि मदत न मिळालेल्या घरांचे येणे होते, आणि त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही.

मध्यस्थ

मी वकिली करतो, त्यामुळे माझे लक्ष वेगळ्या ठिकाणी जाते. क्षमा आणि शिक्षामाफी या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि तेथेच गाडे अडते.

१३ मे १९८१ रोजी सेंट पीटर्स चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आग्जा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून प्रसृत झालेल्या संदेशात पोप यांनी त्याचा उल्लेख ‘बंधू’ असा केला आणि आपण त्याला मनापासून क्षमा केली असल्याचे सांगितले. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते रोममधील तुरुंगात जाऊन त्याच्या कोठडीत त्याच्यासमोर बसले. या भेटीची छायाचित्रे जगभर छापली गेली. पण त्या भेटीनंतर कोठडीचे दार बंद झाले आणि पोप एकटेच बाहेर आले. आग्जाला इटलीच्या राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली ती २००० साली. क्षमा चार दिवसांत झाली. शिक्षा मात्र जवळजवळ १९ वर्षे चालू राहिली, आणि यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्रीनंतर, पहाटेपूर्वी, ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि त्या कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी तेथेच राहिल्या. खटला मात्र चालला. मुख्य आरोपीला झालेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २००५ साली जन्मठेपेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती कायम केली. विधवेची क्षमा हा न्यायालयापुढचा पुरावा नव्हता, आणि न्यायालयाची शिक्षा हा तिच्या क्षमेला आलेला नकार नव्हता.

लूकच्या शुभवर्तमानातही वधस्तंभावर खिळलेल्या दोघांपैकी एक जण म्हणतो की आपल्याला मिळते आहे ते आपल्या कर्मांचे योग्य फळ आहे. त्याला सुखलोकाचे वचन मिळते. पण त्याला खाली उतरवले जात नाही.

अबोली

मी येथे क्वचितच लिहिते. आज लिहिणे भाग आहे, कारण या प्रश्नाची झळ मी अंगावर सोसली आहे.

माझा नवरा मला मारत असे. मी दोनदा मंडळीच्या वडीलधाऱ्यांकडे गेले आणि दोन्ही वेळा मला, भावाला किती वेळा क्षमा करावी या प्रश्नावर येशूने दिलेले ‘साताच्या सत्तर वेळा’ हे वचन ऐकवले गेले. तो मनाने वाईट नाही, राग वाईट आहे, तू रागाचा तिरस्कार कर, त्याचा नको, असे मला समजावण्यात आले. मी खूप प्रयत्न केला. पण ज्या हाताने मला मारले, तो हात रागाचा नव्हता, त्याचाच होता. माणूस आणि कृत्य वेगळे करा असे सांगणारे कोणीही त्या रात्री मला त्या माणसापासून वेगळे करायला आले नाही.

आज मी वेगळी राहते. तेथवर पोहोचल्यानंतर मला कळले की त्याच्याविषयी माझ्या मनातला द्वेष हळूहळू गळून पडला आहे. त्याचे बरे व्हावे, तो बदलावा, असे मी प्रार्थनेत म्हणू शकते, आणि त्यात खोटे काही नसते. परत मात्र जाणार नाही. क्षमा करायला मी एकटी पुरेशी होते. समेटाला दोघे लागतात, आणि त्यापैकी एक अजूनही ‘मी काय एवढे केले’ असे विचारतो आहे. कृपा करून कोणालाही क्षमेच्या नावाखाली त्याच दारात परत पाठवू नका.

ओंजळ

अबोलीताई, माझ्या वरच्या प्रतिसादातील उदाहरण कोणाला तुमच्यासारख्या परिस्थितीत ऐकवले जाऊ शकते, हे मला लिहिताना सुचले नव्हते. माझ्या वडिलांना काकांपासून जिवाचे भय नव्हते. मनापासून दिलगीर आहे.

पाऊलवाट

मी ख्रिस्ती नाही. माझे घर वारकरी आहे. धागा वाचताना पहिल्यांदा आठवले ते पसायदान. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे ज्ञानदेव मागतात. खळ नाहीसे होवोत असे ते म्हणत नाहीत. त्यांच्यातले वाकडेपण गळून पडो, असे म्हणतात, आणि पुढच्याच चरणात ‘तयां सत्कर्मीं रती वाढो’ अशी जोड देतात. त्यामुळे माणूस आणि त्याचे दुष्टपण यांत भेद करणे मला परके वाटत नाही.

तरीही एक अडचण आहे आणि ती मला प्रामाणिकपणे सुटत नाही. एखाद्याने चांगले काही केले, की ते आपण त्याच्या नावावर जमा करतो. कोणी बुडणाऱ्याला वाचवले, तर धाडस मोठे, पण माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण म्हणत नाही. मग पुण्य तेवढे माणसाचे आणि पाप तेवढे त्याच्यापासून सुटे, हा कोणता हिशेब? त्या खजिनदारांनी झोपेत शून्य गाळलेले नाही. अकरा वर्षे, दर वेळी, कार्बन काढून, विचार करून ते केले आहे. इतक्या वेळा केलेली गोष्ट म्हणजे एक कृत्य राहत नाही, तो स्वभाव होतो. माझ्या वाचनात आलेले येशूचे वचनही माणसाच्या अंतःकरणातूनच चोऱ्या आणि दुष्टपणा बाहेर पडतात असे सांगते. मग वेगळे काढायचे ते काय?

तळटीप

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्याला सोपे उत्तर देऊन टाकणे योग्य होणार नाही. आपण म्हणता ते वचन मार्कच्या सातव्या अध्यायातले आहे, आणि कृत्य माणसापासून सुटे असते असे ख्रिस्ती शिकवण मानत असती, तर पश्चात्तापाची गरजच उरली नसती. जे माझे नाही त्याचा पश्चात्ताप मी कसा करणार? तेव्हा ‘कृत्य त्याचे नाही’ असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे. कृत्य पूर्णपणे त्याचेच आहे, पण तो त्या कृत्याएवढाच नाही, असे म्हणण्याला मी क्षमा समजतो.

येथे मला नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवते. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला आपलेसे केले आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवले. नाथान त्याच्याकडे येतो तो आरोप घेऊन नाही, तर एक गोष्ट घेऊन. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती. गरिबाकडे एकच कोकरू, ते त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने स्वतःच्या कळपातले न घेता गरिबाचे कोकरू कापले. दावीद संतापून म्हणतो की असे करणारा मरणास पात्र आहे. मग नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’

मला या प्रसंगातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. नाथानाने कृत्य दावीदापासून वेगळे काढले, पण ते झाकण्यासाठी नाही, दावीदाला ते दिसावे म्हणून. स्वतःच्या अंगावर असते तोवर त्याला ते दिसत नव्हते. कोकराच्या रूपाने समोर ठेवल्यावर त्याने त्याचा न्याय अचूक केला. म्हणजे त्याच्या आत न्याय ओळखणारा कोणी तरी अजून जिवंत होता आणि नाथान त्याच्याशीच बोलत होता. आपण विचारता वेगळे काय काढायचे. मला वाटते, गुन्हेगाराच्या आत शिल्लक असलेला तो साक्षीदार. त्यानंतर दावीद म्हणतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, आणि त्याला क्षमा मिळते. परिणाम मात्र टळत नाहीत. पुढचे सगळे अध्याय त्या परिणामांचेच आहेत.

स्वभावाविषयी आपण म्हणता ते मान्य. म्हणूनच शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट ‘मी चुकलो’ येथे थांबत नाही. ज्यांचे अन्यायाने घेतले असेल त्यांना चौपट परत देतो, असे तो उभा राहून म्हणतो. चौपट हा आकडा आहे, भावना नाही. कॅथलिक पंथाच्या धर्मशिक्षणग्रंथातही पापमोचनाने (कबुलीनंतर धर्मगुरूने दिलेल्या क्षमेने) पाप जाते, पण पापाने झालेली सगळी मोडतोड त्याने दुरुस्त होत नाही, चोरलेले परत करणे शक्य असेल तेथे ते करावेच लागते, असे स्पष्ट म्हटले आहे.

मध्यस्थ

थोडी भर घालतो. मत्तयाच्या दृष्टान्तातले आकडे मुद्दाम मोजून पाहावेत. चाकराचे राजाला देणे दहा हजार तालंत आहे. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. त्याच चाकराला दुसऱ्याकडून येणे आहे शंभर दीनार, म्हणजे तीनएक महिन्यांची मजुरी. शंभर दीनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. हातावर पोट असलेल्याला ती फार मोठी आहे. दृष्टान्त तिला क्षुल्लक म्हणतही नाही. तिच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो, एवढेच.

सांजवेळ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. अबोलीताई, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. क्षमा आणि समेट यांत तुम्ही दाखवलेला फरक मला आजवर एवढ्या स्पष्टपणे दिसला नव्हता.

तळटीप यांनी ऑगस्टीनविषयी लिहिल्यावर मी मत्तयाचा अठरावा अध्याय पुन्हा सुरुवातीपासून वाचला. ‘साताच्या सत्तर वेळा’ हे उत्तर येते त्याच्या थोडेच आधी येशूने एक रीत सांगितली आहे. तुझ्या भावाने तुझा अपराध केला, तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघे एकांती असताना त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकले नाही, तर आणखी एकादोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही, तर मंडळीला सांग. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कमिटीने तिसरी पायरी टाळली म्हणून मी चार महिने धुसफुसत होतो, आणि पहिली पायरी मी स्वतःच टाळली होती. पावती सापडल्यावर मी त्यांच्याकडे गेलो नाही. थेट कमिटीकडे गेलो. त्यांना एकांतात भेटण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि त्या भित्रेपणाला मी पारदर्शकता असे नाव दिले.

पाऊलवाट यांच्या प्रश्नाने मला वेगळ्या दिशेने ढकलले. पुण्य माणसाच्या नावावर आणि पाप मात्र सुटे, असे करू नये, हे खरेच आहे. पण मी तर उलटे करत होतो. त्यांचे पाप तेवढे त्यांच्या नावावर ठेवले होते आणि त्यांनी शिकवलेली प्रार्थना जणू आपोआप माझ्या तोंडी आली होती. पूर्ण वही लिहायची, तर दोन्ही रकाने लिहावे लागतील.

या आठवड्यात त्यांच्याकडे जाईन म्हणतो.

पाऊलवाट

अवश्य जा. एक विनंती आहे. जाताना वही घेऊन जा, पण ती पहिल्यांदा उघडू नका.

सांजवेळ (धागालेखक)

गुरुवारी संध्याकाळी गेलो होतो. काय घडले ते येथे लिहीत आहे, कारण तुम्हा सर्वांचा त्यात वाटा आहे. येथे लिहिण्यास त्यांची संमती घेतली आहे.

मी आधी वही उघडली नाही. कमिटीकडे जाण्यापूर्वी मी तुमच्याकडे यायला हवे होते, ते केले नाही, याची मला क्षमा करा, एवढे म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या दिवशी सगळ्यांनी मला क्षमा केली, पण कोणी विचारलेच नाही. मी घरी आलो तो जसा गेलो होतो तसाच. माझ्या अंगावरचे काहीच उतरले नव्हते.’ त्यांच्या मनातही वही मिटलेली नव्हती, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मग त्यांनीच वही मागितली. मी तयार केलेली यादी त्यांनी चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली. कोठे कारण सांगितले नाही, कोठे हुज्जत घातली नाही. शेवटच्या पानावर थांबून म्हणाले, ‘तुझ्याकडून एक नोंद राहिली आहे.’ मला वाटले, त्यांच्या बाजूने काही जमा धरायची राहिली असेल. त्यांनी माझ्याकडून पेन घेतले आणि यादीखाली आणखी एक ओळ लिहिली. त्या पावतीची स्थळप्रतच त्यांनी फाडून टाकली होती, त्यामुळे मला ती कधीच सापडली नसती. अक्षर थोडे कापरे होते, पण मी ओळखतो ते तेच. तारीख, नाव आणि सर्व शून्यांसह पूर्ण रक्कम.

परतफेडीचे हप्ते ठरले आहेत आणि ते स्वतः मंडळीपुढे उभे राहून सांगणार आहेत. निधीच्या किल्ल्या यापुढे त्यांच्याकडे नसतील. हे त्यांनीच आधी सुचवले. माझ्या मनाविषयी विचाराल, तर गुरुवारी निघताना त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मला ती ऐकवली, एवढे आज सांगू शकतो.

आजींना मात्र अजून काहीच माहीत नाही. त्यांना आपणच सांगू असे ते म्हणाले, आणि दारापर्यंत मला सोडायला आले तेव्हा, मी बरोबर येईन का, असे विचारले. शनिवारी सकाळी आम्ही दोघे जाणार आहोत.